पहिल्या भागांतील बीज

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक लहानसा तंटा उपस्थित झाला, आणि वडीलधारे म्हणून त्याचा निवाडा करण्याचें काम आमच्याकडे आलें. पुण्यास असणाऱ्या धाकट्या चिरंजीवांचीं मुलें चार दिवसांसाठीं वेल्ह्यास आलीं होतीं. बाहेर संततधार लागलेली. भातखाचरें तुडुंब भरलेलीं. तोरणा तीन दिवस ढगांतून बाहेर आला नव्हता. अशा वेळीं मुलांनीं माजघरांत बसून पत्ते खेळावे, गोष्टी ऐकाव्या, अशी आमची अपेक्षा. परंतु अकरावींत शिकणारी आमची थोरली नात लॅपटॉप उघडून बसली होती, आणि घरचीं व पुण्याचीं मिळून चार मुलें तिच्याभोंवतीं गुळाच्या ढेपेला मुंगळे चिकटावे तशीं चिकटलीं होतीं. पडद्यावर एक जपानी चित्रमालिका चालू होती. तिच्यांतील एक किंकाळी स्वयंपाकघरापर्यंत गेली, आणि आमचें कुटुंब हातांतील पळी तशीच घेऊन बाहेर आलें.

“तिन्हीसांजेला घरांत हीं कसलीं भुतंखेतं लावलीत?” असा प्रश्न झाला. मुलांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं जागेवरूनच निकाल दिला कीं, यंत्र बंद करावें. त्यावर नात शांतपणें म्हणाली, “आजोबा, तुम्ही शाळेंत पेपर न वाचतां कधी मार्क दिलेत का?”

तीस-पस्तीस वर्षें खडू झिजविलेल्या मनुष्यापाशीं ह्या प्रश्नास उत्तर नसतें. आम्हीं चष्मा पुसला आणि खुर्ची पुढें ओढली.

ह्या जपानी चलच्चित्रांस ‘ॲनिमे’ म्हणतात. आमचा त्यांच्याशीं पूर्वपरिचय दोनच वाटांनीं झालेला. एक, नातवंडें लहान असतांना दिवसभर घरांत वावरणारा तो निळा बोका डोरेमॉन. आणि दुसरी, युगो साको ह्या जपानी दिग्दर्शकानें आपल्या राम मोहन ह्यांच्या सहकार्यानें केलेला रामायणावरील चित्रपट. तो १९९२ सालीं पुरा झाला, आणि २०२५ च्या जानेवारींत आपल्याकडील चित्रपटगृहांत लागला तेव्हां मुलांनीं आम्हांस तो दाखविला. एवढ्या सामग्रीवरून आमचें मत बनलें होतें कीं, हा प्रकार एक तर बाळगोपाळांचा, नाहीं तर देवादिकांचा. पाप, मृत्यु आणि सूड ह्यांविषयींच्या काळोख्या कथाहि त्यांत आहेत, व त्यांपैकीं कित्येक जाणत्या माणसांकरितां रचलेल्या आहेत, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

नातीनें आणखी एक माहिती दिली. यांतील पुष्कळ कथा आधीं जपानी नियतकालिकांतून चित्ररूपानें क्रमशः छापल्या जातात, आणि वाचकांस रुचल्यावर मग पडद्यावर येतात. हें ऐकून आम्हांस परमुलखांत गांवचा मनुष्य भेटावा तसें झालें. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी, त्यांनीं १८९० सालीं सुरू केलेल्या ‘करमणूक’ पत्रांतून अशीच हप्त्याहप्त्यानें लोकांच्या घरांत शिरली. क्रमशः लिहिणाऱ्याची अडचण सर्वत्र एकच. पुस्तक विकत घेतलेला मनुष्य पैसे वसूल करण्यासाठीं तरी पन्नास पानें वाचतो. हप्त्याच्या वाचकावर असा कोणताहि पाश नसतो. पहिला भाग त्यास धरून ठेवूं शकला नाहीं, तर पुढील सारा प्रपंच व्यर्थ. पडद्यावर तर हें काम अवघ्या वीस-बावीस मिनिटांत साधावें लागतें.

ही पकड येते कशानें? आमचा पूर्वग्रह असा कीं, रक्तानें. त्या चार दिवसांत आम्हीं मुलांबरोबर चार मालिकांचे पहिले भाग पाहिले, आणि हा पूर्वग्रह टिकला नाहीं. चौघींपैकीं एकीचा आरंभच कत्तलीनें होता. मुंडकीं उडत होतीं, भिंती रंगत होत्या; आणि पांच मिनिटांत मुलें भजीं झालीं का तें पाहण्यास उठून गेलीं. मरणारे कोण हेंच ठाऊक नसल्यामुळें त्यांच्या मरणाचें कोणास कांहीं वाटेना. त्या मालिकेचें नांवहि आमच्या लक्षांत राहिलें नाहीं. राहिलेल्या तीन मात्र लक्षांत आहेत.

पहिली, जिची किंकाळी स्वयंपाकघरांत गेली, ती ‘अटॅक ऑन टायटन’. हाजिमे इसायामा ह्या चित्रकाराची ही कथा २००९ पासून २०२१ पर्यंत मासिकांत चालली, आणि २०१३ च्या एप्रिलांत पडद्यावर आली. मनुष्यभक्षक महाकाय प्राण्यांच्या भयानें उरलेली मानवजात ५० मीटर उंचीच्या तटाच्या आंत राहते, आणि शंभर वर्षें कांहीं न झाल्यामुळें पहारेकरी मद्य पीत बसलेले असतात. परंतु कथाकाराचा भर तटावर नाहीं; तो एका घरावर आहे. एक मुलगा व त्या घरीं वाढणारी एक मुलगी सरपण घेऊन येतात. आई रागें भरते. वैद्यकी करणारा बाप गांवाला निघतांना किल्ली दाखवून सांगतो कीं, परत आल्यावर तळघर उघडून दाखवीन. इतकें सगळें झाल्यावर तटाच्या वर एक तोंड येतें, आणि पाहतां पाहतां वेस फुटते. मुलें घराकडे धांवतात, तों आई कोसळलेल्या घराखालीं अडकलेली. ती मुलांस पळा म्हणते; मदतीस आलेल्या ओळखीच्या शिपायाचें धैर्य ऐन वेळीं खचतें, आणि तो मुलांस उचलून पळत सुटतो. पुढें आईचें जें होतें तें आम्ही येथें लिहीत नाहीं.

आमच्या सर्वांत धाकट्या नातवानें खिडकींतून ढगांत बुडालेल्या तोरण्याकडे पाहिलें व तो आजीच्या कुशींत गेला. भय त्यास लागलें खरें. पण तें राक्षसाचें नव्हतें. तो आजीस विचारीत होता, “ती आई रागावली होती ना, मग त्यांचं पुन्हां बोलणं झालंच नाहीं का?” मुलानें नेमकी जागा दाखविली. हरिभाऊंनीं यमूच्या दारुण कथेचा आरंभ तिच्या बाळपणापासून केला, त्याचें मर्म हेंच. ज्या घरांत आपण घटकाभर बसलों नाहीं, तें पडल्याचें दुःख होत नाहीं. भयास आधीं स्नेहाची भूमि लागते.

दुसरी मालिका ‘डेथ नोट’, २००६ सालची, ३७ भागांची. वर्गांत कंटाळून खिडकीबाहेर पाहणाऱ्या एका अति हुशार विद्यार्थ्यास आकाशांतून पडलेली वही सांपडते. चेहरा डोळ्यांपुढें आणून तींत ज्याचें नांव लिहावें, तो मरतो. विद्यार्थी प्रथम थट्टा समजतो. मग बातम्यांत दिसणाऱ्या, लहान मुलांना ओलीस धरलेल्या एका गुंडाचें नांव लिहून पाहतो, आणि गुंड खरोखरच मरतो. ती वही टाकणारा यमदूत पांच दिवसांनीं येतो, तों हा मुलगा पानेंच्या पानें नांवांनीं भरून मोकळा झालेला! वहीचा मालकहि त्यामुळें चकित होतो. येथें रक्ताचा थेंब जवळ जवळ नाहीं. परंतु भाग संपतांच आमचा चौदा वर्षांचा नातू सहज बोलून गेला, “मीसुद्धां लिहिलं असतं.” मग स्वतःचेच शब्द ऐकून तो गप्प झाला. तो काळोख पडद्यावरून उठून आमच्या माजघरांत आला होता.

तिसरी मालिका आम्हीं शेवटच्या रात्रीं पाहिली. आणि हा लेख लिहिण्याचें कारण तीच आहे.

तिचें नांव ‘मॉन्स्टर’. नाओकी उरासावा ह्यांची ही कथा १९९४ पासून २००१ पर्यंत प्रौढांच्या एका जपानी नियतकालिकांत आली, आणि २००४-०५ मध्यें ७४ भागांत पडद्यावर आली. स्थळ पश्चिम जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहर, साल १९८६. डॉक्टर तेन्मा हा मेंदूवरील शस्त्रक्रियांत निष्णात असा जपानी तरुण तेथील मोठ्या रुग्णालयांत काम करतो. रुग्णालयाचा प्रमुख त्याची विद्या स्वतःच्या नांवावर खपवितो. पण त्याच प्रमुखाच्या कन्येशीं तेन्माचा विवाह ठरलेला, बढतीचा मार्ग मोकळा, म्हणून तो मुकाट्यानें सोसतो. एका रात्रीं वरून आज्ञा येते, तेव्हां तो एका प्रख्यात गायकाची शस्त्रक्रिया करतो. गायक वांचतो, वृत्तपत्रें जयजयकार करतात.

दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांत एक तुर्की मजुराची बायको त्याची वाट अडविते. तिच्या नवऱ्याला गायकाच्या आधीं आणलेलें होतें. तो मेला. ती म्हणते, माझा माणूस आधीं आला होता. तुम्हीं त्याला कां सोडलंत? तिचें मूल तिच्यापाशीं असतें. तेन्मापाशीं उत्तर नसतें. आज्ञा होती, हेंच काय तें त्याला म्हणतां आलें असतें. आणि तें उत्तर नव्हे, हें त्यासहि कळतें. वाग्दत्त वधू त्याची समजूत घालते कीं, सगळ्या माणसांच्या जिवाचें मोल सारखें नसतें. त्या वाक्यानें त्याची जखम बुजण्याऐवजीं चिघळते.

नंतर डोक्यांत गोळी लागलेला एक लहान मुलगा आणला जातो. तेन्मा तयारी करतो, तोंच प्रमुखाची आज्ञा येते कीं, नगराध्यक्षांना आणलें आहे, मुलाला दुसरा कोणी पाहील. पुन्हां तोच प्रसंग. ह्या वेळीं तेन्मा वरिष्ठांची आज्ञा मोडतो आणि आधीं आलेल्या मुलाकडे वळतो. पाहणाराचें मन भरून येतें. केवढें योग्य केलें, असें वाटतें. आणि त्याच क्षणीं मालिकेचें नांव आठवतें. राक्षस कोण? तो अजून कोठेंच दिसलेला नाहीं. तो त्या मेजावर निजलेला मुलगा असेल काय, अशी शंका मनास स्पर्श करते, आणि पाहणारा पुढील ७३ भागांचा ऋणी होऊन बसतो.

पडदा काळा झाल्यावर कोणी बोलेना. आम्हांस मात्र एक फार जुनी ओळख पटत होती. महाभारतासारख्या महाग्रंथाचा कथाभाग कोठून सुरू होतो, असें विचारल्यास पुष्कळ लोक शंतनु, भीष्म असें कांहीं तरी सांगतात. परंतु आदिपर्वांतील पौष्यपर्वाचा आरंभ निराळाच आहे. परीक्षिताचा पुत्र जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रीं दीर्घ सत्र करीत बसला आहे. तेथें एक कुत्र्याचें पिलूं येतें. राजाचे भाऊ त्यास मारतात. तें रडत आपल्या आईकडे जातें. आई म्हणजे देवांची शुनी सरमा. ती विचारते, तूं कांहीं अपराध केला होतास काय? पिलूं सांगतें, मीं कांहींच केलें नाहीं. हविर्द्रव्य चाटलें नाहीं, त्याकडे पाहिलेंहि नाहीं. सरमा यज्ञमंडपांत जाऊन राजास तेंच विचारते, माझ्या मुलाला कशासाठीं मारलें? राजा व त्याचे भाऊ उत्तर देत नाहींत. तेव्हां ती एवढेंच म्हणते कीं, निरपराध्याला मारलेंत, म्हणून तुमच्यावर न दिसणारें भय येईल.

लक्ष श्लोकांच्या ग्रंथाच्या उंबरठ्यावर व्यासांनीं ही एवढीशी कथा कां ठेवली असेल, ह्याचा विचार आम्हीं संस्कृत शिकतांना कधीं केला नव्हता. जपानी मालिका पाहतांना तो सुचला. तुर्की मजुराची ती बायको आणि सरमा एकच प्रश्न विचारीत आहेत. दोघींस उत्तर मिळत नाहीं. भरतमुनींनीं नाट्यकथेच्या पांच अर्थप्रकृति सांगितल्या, त्यांत पहिली बीज. आरंभीं अगदीं थोडें टाकलेलें, आणि पुढें नाना प्रकारांनीं पसरणारें, तें बीज. काळोख्या कथेचें बीज प्रेत नव्हे, किंकाळी नव्हे, भूतहि नव्हे. ज्यास अन्याय झाला त्यानें विचारलेला आणि समर्थानें निरुत्तर राहून टाळलेला प्रश्न, हें तें बीज. अशा प्रश्नांतून जें भय उगवतें, तें सरमेनें म्हटल्याप्रमाणें न दिसणारें असतें. तें कोणत्या दारानें येईल हें सांगतां येत नाहीं, म्हणूनच आपण दारांकडे पाहत बसतों. आपल्याकडे २०१६ सालीं ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका घरोघर पाहिली गेली. तिचें सूत्र घरच्या कर्त्या पुरुषाच्या, अण्णा नाईकांच्या, मृत्यूपासून सुरू होतें. तेथेंहि लोकांस खिळवून ठेविलें तें सावल्यांनीं थोडें, आणि त्या वाड्यांत कोणाचें काय देणें राहून गेलें आहे ह्या संशयानें अधिक, असें आम्हांस वाटतें.

येथपर्यंत लिहून लेख संपविला असता तर तो पंतोजीचा लेख झाला असता. परंतु त्या रात्रीं आमची झोंप उडाली ती अर्थप्रकृतींनीं नव्हे.

नोकरीच्या आरंभींच्या काळांतील गोष्ट आहे. आम्ही ह्याच डोंगराळ मुलखांतील एका लहान शाळेंत होतों. मुलांच्या वह्यांसाठीं गोळा केलेले चाळीस रुपये एका सकाळीं सांपडेनात. वरच्या वाडीवरील एक मुलगा आदल्या दिवशीं भिजलेलें इरलें ठेवण्यास एकटा खोलींत गेला होता, एवढ्या पुराव्यावर आम्हीं त्यास छडीनें मारलें. तो ‘मी घेतलं नाहीं’ एवढेंच म्हणत होता. सायंकाळीं हजेरीपत्रकाच्या पुठ्ठ्याच्या आंत ते पैसे आमचे आम्हांसच मिळाले. आम्हींच ते तेथें ठेवले होते. दुसऱ्या दिवशीं भर पावसांत दोन तासांची वाट उतरून त्याची आई आली. ती भांडली नाहीं. दारांत उभी राहून तिनें विचारलें, “गुरुजी, माझ्या लेकरानं काय केलं होतं?”

आम्हांस उत्तर ठाऊक होतें. वर्गांत पन्नास मुलें ऐकत होतीं. आम्हीं म्हटलें, “बाई, झालं तें झालं, त्याला शाळेंत पाठवा.” ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. मुलगा पुन्हां शाळेंत आला नाहीं. ती माउलीहि आतां हयात नाहीं. सरमेची उपमा एका मातेस देतांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु त्या कथेंत लाज वाटावी असा पक्ष सरमेचा नाहीं, राजाचा आहे.

ही हकीकत आम्हीं त्या रात्रीं मुलांस सांगितली. घरांत ती कोणासच, आमच्या कुटुंबासहि, ठाऊक नव्हती. नात कांहीं वेळानें म्हणाली, “आजोबा, मग तुम्ही खरं सांगितलं का नाहीं?” आम्हीं सांगितलें कीं, भीति वाटली. “कोणाची? त्यांची?” “नाहीं. वर्गाची.”

थोरल्या सूनबाई सरकारी दवाखान्यांत परिचारिका आहेत. त्या इतका वेळ दाराशीं टेकून ऐकत होत्या. मुलांनीं त्यांस विचारलें कीं, त्या डॉक्टरानें बरोबर केलें का. तो मुलगा पुढें वाईट निघाला तर? त्या म्हणाल्या, “दोन पेशंट एकदम आले तर ज्याचा जीव आधीं जाईल असं दिसतं, त्याला आधीं घ्यायचं. तो कोण, कोणाचा, पुढं काय करील, हें त्या वेळीं विचारायचं नसतं. विचारायला लागलं कीं हात थांबतो.” आणि मग आमच्याकडे वळून, “बाबा, पण चुकलं तर नातेवाइकांना सांगावं लागतं. तें सगळ्यांत कठीण.” एवढें बोलून त्या उद्यांच्या डब्याची तयारी करण्यास गेल्या.

आतां निवाड्याविषयीं. ह्या मालिकांत हिंसा आहे, आणि ती कच्च्या वयास सोसणारी नाहीं. आठ वर्षांच्या नातवास आम्हीं ती पहिली मालिका पाहूं दिली, ही आमची चूकच झाली. त्यास दोन रात्री आजीजवळ निजवावें लागलें. परंतु जाणत्या मुलांस सरसकट बंदी करूं नये, असें आमचें मत झालें आहे. पहिला भाग वडील मंडळींनीं मुलांबरोबर बसून पाहावा. एवढ्या अवधींत ती मालिका कोणत्या जातीची हें कळतें. जिच्यांत मरणाऱ्याचें घर दिसत नाहीं आणि अन्याय झालेल्याचा शब्द ऐकूं येत नाहीं, ती खुशाल बंद करावी. मुलेंहि फारशी कुरकूर करीत नाहींत, कारण तीं स्वतःच कंटाळलेलीं असतात. जी पाहून झाल्यावर घरांतील माणसें एकमेकांस प्रश्न विचारूं लागतात, ती चालू राहूं द्यावी, आणि प्रश्न टाळूं नयेत.

मुलें दुसऱ्या दिवशीं पुण्यास गेलीं. पाऊस थोडा उघडला तेव्हां आम्ही वरच्या वाडीच्या वाटेस लागलों. तो मुलगा आतां पन्नाशीचा गृहस्थ आहे. खाचरांत लावणी चालली होती, आणि तो चिखलांत उभा होता. आम्हीं बांधावर उभें राहून, मजूर ऐकत असतां, ते चाळीस रुपये कोठें सांपडले तें सांगितलें. त्यानें हातांतील रोपांची जुडी खालीं ठेवली. “आईला सांगायला पाहिजे होतं, गुरुजी,” तो म्हणाला. मग त्यानें आम्हांस चहा घेण्यास घरीं नेलें.